पंधरा मिनिटं पुढचा देश

व्हिसा नको, इंटरनॅशनल लायसन्स नको. आपली गाडी, आपलं स्टिअरिंग आणि चार दिवसांची रजा. लखनौहून निघून लुंबिनी, तानसेन आणि पोखरा करून आलेल्या एका नेपाळ ड्राइव्हची गोष्ट.

आमच्या ऑफिसात फॉरेन ट्रिपचा एक ठरलेला रिवाज आहे. कुणी बँकॉकला जाऊन येतं, कुणी दुबईला. सोमवारी चॉकलेटचा डबा फ्लोअरवर फिरतो आणि पुढचे दोन दिवस लंचला तेच फोटो. मी नेपाळला निघाले म्हटल्यावर शेजारच्या डेस्कवरून आवाज आला, ‘पण तिथं व्हिसाच लागत नाही ना? मग तो परदेश कसला?’

‘गाडी चालवत जातेय,’ मी म्हटलं. ‘सोबत बाबा आहेत.’

मग मात्र सगळ्यांनी मॉनिटरवरून माना वर केल्या.

गणित सोपं आहे. मुंबईहून स्वतःची गाडी काढली तर जाण्या-येण्यातच रजा संपते. पण आपल्यापैकी बहुतेकांचा कुणी ना कुणी, म्हणजे चुलतभाऊ नाहीतर कॉलेजचा रूममेट, आता लखनौ, पाटणा किंवा दिल्लीकडे नोकरीला असतोच. माझा दादा लखनौला आहे. त्याच्याकडे पाच वर्षांची, सगळे कागद व्यवस्थित असलेली गाडी आहे. शुक्रवारी रात्री मुंबईहून विमान पकडायचं आणि शनिवारी पहाटे लखनौहून गाडी हाणायची. अयोध्या, बस्ती, गोरखपूर आणि मग सोनौली. साधारण पावणेचारशे किलोमीटर. संध्याकाळी आपण परदेशात!

गाडी दादाची, स्टिअरिंग माझं

खरं तर गाडी दादाच चालवणार होता. मी आणि बाबा फक्त खिडक्या सांभाळणार होतो. पण निघायच्या आठवड्यात त्याची रजा रद्द झाली. ‘तू घेऊन जा की,’ तो फोनवर सहज म्हणाला. स्पीकर ऑन होता. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

बाबांनी एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हरकी केली. आमच्या घरात गाडी चालवणं ही काय चीज आहे, ते त्यावरून समजा! दादाला त्यांनी आधी मामाच्या ट्रॅक्टरवर, मग शेजाऱ्यांच्या जीपवर शिकवलं. मला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, ‘तुले काय करायची गाडी?’ सव्विसाव्या वर्षी, पहिल्या बोनसमधून मी ठाण्याच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरले. त्यानंतर मी मुंबई-पुणे कितीतरी वेळा केलं. पण माझ्या शेजारच्या सीटवर बाबा कधी बसले नव्हते. दुसरा कुणी गाडी चालवत असला की त्यांना डुलकीसुद्धा येत नाही. उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत राहतो, तिथं ब्रेक नसला तरी.

मग ट्रिप कॅन्सल का नाही केली? कारण लुंबिनी. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्या लाखोंच्या गर्दीत होते. बाबांनी पुढं नोकरीत कितीतरी वर्षं धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जादा गाड्या नागपूरला नेल्या. आषाढीला पंढरपूरच्या नेल्या. लोकांना यात्रेला पोचवायचं आणि आपण स्टॅण्डमागं गाडीखाली चटई टाकून झोपायचं. बुद्ध जिथं जन्मला ती जागा बघायची, हे एकच ते रिटायर झाल्यापासून म्हणत होते. आणि गेल्या वर्षी त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

कमानीपलीकडे

सोनौलीची बॉर्डर सिनेमातल्या बॉर्डरसारखी नाही. बाजारपेठेतला रस्ता चालत राहतो, ट्रकांची रांग लागते, सायकली आणि रिक्षा इकडून तिकडे जातात, बायका भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा करतात आणि मध्येच एक मोठी कमान येते. त्या कमानीपलीकडे नेपाळचं बेलहिया. भारत आणि नेपाळ यांच्यातला १९५०चा मैत्री करार आहे, म्हणून आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही.

पण माणसाला लागत नाही ते गाडीला लागतं! कमान ओलांडल्या ओलांडल्या ‘भन्सार’ असा बोर्ड दिसेल. भन्सार म्हणजे कस्टम्स. तिथं गाडी लावून फॉर्म भरायचा, आरसी बुक, लायसन्स, विमा आणि ओळखपत्र दाखवायचं. गाडी जितके दिवस नेपाळात राहणार तितक्या दिवसांचं शुल्क आधीच भरायचं. पावतीवर तारखा लिहून मिळतात. त्या तारखेनंतर गाडी देशात सापडली तर दंड. आमची गाडी दादाच्या नावावर, म्हणून त्याचं सही केलेलं अधिकारपत्र बरोबर होतं. ते नसतं तर आमची ट्रिप त्याच काउंटरवर संपली असती.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, किती दिवस? शनिवार ते बुधवार, मी म्हटलं, पाच. गुरुवारी मुंबईचं विमान होतं आणि शुक्रवारी क्लायंट रिव्ह्यू.

मागून बाबा म्हणाले, ‘सहा लाव.’

‘बाबा, कशाला उगाच पैसे? मी सगळं प्लॅन केलंय.’

‘एक दिवस जास्तीचा लाव म्हणतो ना.’

मागं रांग होती. मी सहा लावले, पण तोंड वाकडं करून.

गाडीत बसल्यावर बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटे पंधरा मिनिटं पुढे केले. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं आहे, हे त्यांनी कुठंतरी वाचून ठेवलं होतं. माझ्या मोबाइलनं ते काम न सांगता केलं होतं, पण त्यांना ते हातानं करायचं होतं.

सम्राटाचा टॅक्स

भैरहवाहून लुंबिनी जेमतेम बावीस-पंचवीस किलोमीटर. सपाट तराई, दोन्ही बाजूला भातशेती. लुंबिनीचा परिसर इतका प्रचंड आहे की चालत बघायचं म्हटलं तर दिवस पुरत नाही. जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांचा १९७८चा आराखडा आहे हा. मधोमध लांबच लांब कालवा आणि दोन्हीकडं वेगवेगळ्या देशांनी बांधलेले विहार. आम्ही ई-रिक्षा केली. गुडघ्याला तीच बरी.

मायादेवी मंदिरात चपला बाहेर, कॅमेरा बंद. आत जुन्या विटांचे चौथरे आणि काचेखाली तो दगड, जन्माची जागा दाखवणारा. रांग हळूहळू सरकत होती. आमच्या पुढं पांढऱ्या साड्यांतल्या काही बायका होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, ‘सरक गं जरा, मागच्यांना दिसू दे.’ मराठी! महाराष्ट्रातून निघालेली यात्रेची बस होती. बाबांनी ‘जय भीम’ केला. मग गाव कुठलं, डेपो कुठला, असं सुरू झालं. त्या काचेसमोर मात्र ते गप्प उभे राहिले. मी फोन बघितला नाही, त्यांच्याकडंही बघितलं नाही. बाहेर आल्यावर पुष्करिणी तळ्याच्या पायरीवर बसून त्यांनी आजोबांचं नाव घेतलं. एवढंच.

बाजूलाच अशोकाचा स्तंभ आहे. इसवी सनापूर्वी २४९च्या सुमारास सम्राट स्वतः इथं आला आणि त्यानं स्तंभावर ब्राह्मीत कोरून ठेवलं, की इथं बुद्धाचा जन्म झाला, म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ आणि उत्पन्नातला वाटा फक्त आठवा. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते हसले. ‘म्हणजे एवढा मोठा राजा आला आणि आधी टोल माफ केला!’

आपल्यासाठी या देशाला आणखी एक धागा आहे. दीक्षेनंतर जेमतेम महिन्याभरात, नोव्हेंबर १९५६मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हे त्यांचं गाजलेलं भाषण तिथलंच. ६ डिसेंबरला ते गेले. बाबांना या तारखा तोंडपाठ आहेत, एसटीच्या टाइमटेबलसारख्या.

पहिला गिअर

रविवारी दुपारी बुटवल सोडलं आणि डोंगर एकदम अंगावर आला. इथून सिद्धार्थ राजमार्ग तिनाऊ नदीच्या घळीतून वर चढतो. तानसेन फक्त चाळीसेक किलोमीटर. पण हे एक्स्प्रेस-वेचे किलोमीटर नव्हेत. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये खोदकाम, धूळ आणि वळणावळणावर समोरून येणारे ट्रक. बुटवललगतच्या सिद्धबाबा भागात वरून दगड येतात, म्हणून तिथं २०२२पासून बोगद्याचं काम सुरू झालं.

एका चढाच्या वळणावर समोर ट्रक आला. मी थांबले. गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, क्लच सुटला, पुन्हा बंद. गाडी हातभर मागं सरकली. मागच्या बसनं हॉर्न दिला. माझे तळहात घामानं ओले. मी बेल्ट काढला.

‘बाबा, तुम्ही घ्या.’

ते जागचे हलले नाहीत. ‘माह्यं लायसन कधीच संपलं.’

‘बाबा, प्लीज!’

‘बेल्ट लाव. हॅण्डब्रेक ओढ.’ मी ओढला. ‘आता गाडी चालू कर. पहिला टाक. अर्ध्या क्लचवर धर. नाक उचललं का गाडीनं? आता हॅण्डब्रेक सोड.’

मागं परत हॉर्न.

‘वाजवू दे. कोणाले घाई हाये? थांबतीन थे.’

गाडी नाक उचलून पुढं सरकली. ट्रकच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून ‘या, या’ केलं आणि जाताना बाबांना सलाम ठोकला. ड्रायव्हरला ड्रायव्हर बरोबर ओळखतो! तानसेनपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र सगळ्या वळणांवर ब्रेक दाबत होता. मी बघितलं.

खाजा घर

तानसेन म्हणजे डोंगरउतारावरचं जुनं नेवारी गाव. दगडी चढाच्या गल्ल्या, कोरीव लाकडी खिडक्या. इथलं ढाका कापड प्रसिद्ध. नेपाळी टोपी ज्याची करतात तेच. बाबांनी लगेच एक टोपी घेतली आणि पुढं सगळी ट्रिप डोक्यावरून काढली नाही.

नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे आपल्याला सगळे बोर्ड वाचता येतात. गंमत तिथंच सुरू होते. ‘खाजा घर’ दिसल्यावर बाबांना वाटलं मिठाईचं दुकान. आत गेलो तर मोमो आणि चाऊमीन! नेपाळीत खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. नंतर जेवताना वाढणाऱ्या दिदीनं विचारलं, ‘मिठो छ?’ बाबा म्हणाले, ‘नाही नाही, मीठ बरोबर आहे.’ ती विचारत होती, चव छान आहे ना! चिया म्हणजे चहा, बाटो म्हणजे वाट, तातो पानी म्हणजे गरम पाणी. एवढ्यावर तुमचं निम्मं काम भागतं. आणि पाल्पाची चुकाउनी खाल्ल्याशिवाय निघू नका. उकडलेल्या बटाट्याची दह्यातली कोशिंबीरच म्हणा ना.

इथून काही अंतरावर कालीगंडकीच्या काठी राणी महाल आहे. खड्गशमशेर राणा या पाल्पाच्या कारभाऱ्यानं १८९३मध्ये तो आपल्या तेजकुमारी राणीच्या आठवणीत बांधला. १८९६मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभ पुन्हा उजेडात आला, त्या शोधातही हाच माणूस होता. गुडघ्यामुळे आम्ही खाली महालापर्यंत उतरलो नाही. तुमचे गुडघे शाबूत असतील तर जरूर उतरा.

सोमवारी पोखरा गाठलं. सव्वाशे किलोमीटर, पण रस्त्याची कामं पकडून पाच-सहा तास सहज. मंगळवार फेवा तलावाचा. पहाटे समोर माछापुच्छ्रे, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं शिखर. उंची ६,९९३ मीटर. १९५७मध्ये एक ब्रिटिश तुकडी माथ्यापासून अगदी थोड्या अंतरावर येऊन परत फिरली. डोंगर पवित्र मानतात म्हणून. त्यानंतर चढाईला परवानगीच नाही. नावेत बसल्या बसल्या मी हे वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ शिखराकडं बघत राहिले. ‘परत फिरता आलं पाहिजे,’ म्हणाले.

बंद रस्ता

बुधवारी परतताना तानसेन ओलांडून खाली उतरतोय तोच गाड्यांची रांग लागली. पुढं डोंगरावरून दगड आले होते. एक तास झाला. दोन तास झाले. लोक शेंगा खात रस्त्यावर बसले. पोलीस येऊन सांगून गेला, आज सांगता येत नाही, दगड अजून सुटताहेत. मी फोनवर विमान बघत होते, मेल बघत होते, शुक्रवारच्या रिव्ह्यूचं काय सांगायचं ते बघत होते. थोड्या वेळानं दोन-तीन मोटरसायकली कडेकडेनं निघाल्या. त्यांच्यामागून एक छोटी गाडीही पुढं सरकली.

‘बाबा, आपणही जाऊ या? आजच बॉर्डर क्रॉस केली पाहिजे. परमिट...’

आणि मी थांबले. परमिट गुरुवारपर्यंत होतं.

बाबांनी मान हलवली नाही, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असंही म्हणाले नाहीत. फक्त एवढंच, ‘गाडी तुझ्या हातात हाये. तू सांग.’

मी यू-टर्न मारला. तानसेनला परत आलो, त्याच लॉजमध्ये त्याच दिदीनं चुकाउनी वाढली. विमानाचं तिकीट वाया गेलं. बॉसला मेल टाकला आणि रिव्ह्यू सोमवारवर गेला. जग बुडालं नाही. पाचच दिवसांची पावती फाडली असती तर मी त्या दगडांखालून गाडी घातली असती का? प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक घातली असती. शेजारी बाबा बसलेले असताना.

गुरुवारी सकाळी रस्ता मोकळा झाला. आम्ही घाट उतरायला लागलो. खालून ट्रक येत होते, वळणं तीच, धूळ तीच. एका वळणावर समोरच्या बसला वाट द्यायला मी थांबले, हॅण्डब्रेक ओढला आणि सवयीनं डावीकडं बघितलं, त्यांचा पाय बघायला.

बाबा झोपले होते. ढाका टोपी कपाळावर घसरलेली, तोंड थोडं उघडं. बुटवलपर्यंत उठले नाहीत.

निघण्याआधी

• कागद: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ आरसी, लायसन्स, पीयूसी, विमा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र. भाड्यानं घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी मिळते का ते बघा.

• विमा: आपली पॉलिसी साधारणपणे भारतापुरतीच असते. थोडा जादा प्रीमियम भरून ती नेपाळपर्यंत वाढवून घेता येते. निघायच्या आठवडाभर आधी विमा कंपनीला फोन करा.

• पैसे: भारतीय एक रुपयाचे नेपाळी १.६० होतात. दर ठरलेलाच आहे, त्यामुळे घासाघीस करू नका. शंभरापर्यंतच्या नोटा जवळ ठेवा. २०२४पासून बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, पण घाटातल्या चहाच्या टपरीवर त्याचा भरवसा नको.

• ड्रायव्हिंग: नेपाळात गाडी आपल्यासारखीच डावीकडून. घाटात फक्त दिवसा चालवा आणि पावसाळ्यात हा रस्ता टाळा. भन्सारची पावती हाताशी ठेवा, वाटेत विचारतात.

• दिवस: पाचची ट्रिप असेल तर भन्सारला सहा दिवस भरा. परतीचं विमान आणि ऑफिसमधली महत्त्वाची मीटिंग यांच्यातही एक दिवस मोकळा सोडा.